बारा स्केल्सचा झेरॉक्स

सॅक्सोफोनचा क्लास लावला की पहिल्या महिन्यातच हातात एक झेरॉक्स पडतो. वर ‘मेजर स्केल्स’ असा मथळा, खाली बारा ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं आणि मधेमधे शार्प-फ्लॅटची चिन्हं. "हे पाठ करून या." बस्स. का, कशासाठी, बाराच का, काही विचारायचं नाही. वीकएंडला सॅक्स शिकणारे जे जे लोक मला भेटलेत (आमच्या धंद्यात असे बरेच भेटतात, गिटारचं खूळ उतरलं की सॅक्स) त्यातल्या बहुतेकांच्या बॅगेत हा कागद चार घड्या घालून ठेवलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की हा कागद म्हणजे शिकवणं नाही. शिकवणं टाळायची सोय आहे.

पटत नसेल तर थांबा, सांगतो.

मेजर स्केल या बारा वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच मुळी. ती एकच गोष्ट आहे. सप्तकात स्वर बारा, त्यातले सात निवडायचे, आणि निवडायचा नियम एकच: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. दोन म्हणजे होल स्टेप, हार्मोनियमवर मधली एक पट्टी सोडून पुढची. एक म्हणजे हाफ स्टेप, अगदी शेजारची. बेरीज करून बघा, बरोब्बर बारा येते, म्हणजे वरच्या ‘सां’वर पोचलो. आपल्याकडे याला बिलावल थाट म्हणतात. शाळेत रांगेत बसून जे सारेगमपधनीसां म्हटलं ना, तेच हे. कर्नाटक संगीतात शंकराभरणम. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात ही चीज लहानपणापासून बसलेली असते आणि तरीही तिशीतला शिकलासवरलेला माणूस लोकलमधे उभ्याने "ए, बी, सी-शार्प, डी..." असं एकोणतीसच्या पाढ्यासारखं घोकत असतो! चार ओळींचं फंक्शन लिहिण्याऐवजी बारा उत्तरं हार्डकोड करून कुणी चेक-इन केली तर कोड रिव्ह्यूमधे त्याचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो, पियानोवाल्यांनाही पाठच करायला लावतात." लावत असतील. पण पियानोवाल्याला अंतर डोळ्यांना दिसतं. पेटीवाल्यालाही दिसतं. सॅक्सवर दिसत नाही, इतकंच नाही, तर सॅक्सवर तुमची बोटं तुमच्याशी चक्क खोटं बोलतात. आणि हे मला आजवर एकाही क्लासमधे पहिल्या दिवशी सांगितलेलं आढळलं नाही.

बघा. दोन्ही हातांची मिळून सहा बोटं दाबली की डी. उजव्या हाताची अनामिका उचलली की ई. एक बोट उचललं, होल स्टेप मिळाली. आता मधलं बोट उचला, एफ. परत एकच बोट, पण या वेळी मिळाली हाफ स्टेप. तर्जनी उचलली की जी, परत होल स्टेप. मग डाव्या हाताचं एकेक बोट उचलत ए आणि बी, दोन्ही होल स्टेप. आणि बी ते सी या एवढ्याशा हाफ स्टेपसाठी बोट उचलायचं नाही, अदलाबदल करायची: तर्जनी वर, मधलं खाली. खरा कहर त्याच्या पुढे आहे. या सीला एकच बोट, आणि त्याच्या शेजारच्या डीला सहाच्या सहा, वर डाव्या अंगठ्याने ऑक्टेव्ह की. कानाला एक पायरी, हाताला अख्खा जिना! आणि हे सगळं ज्याला कागदावर शार्प नाही, फ्लॅट नाही म्हणून ‘सोप्पं’ म्हणतात त्या सी मेजरमधे बरं का.

तेव्हा वाद्य हातात अंतर दाखवत नाही म्हटल्यावर अंतर डोक्यात आणि कानात असायलाच हवं. दोन-दोन-एक. ते नसेल तर चुकलेला स्वर चुकलाय हेच कळत नाही. बोट चार्टप्रमाणे आहे ना, मग बरोबरच असणार! शेजारी मात्र खिडकी लावून घेतात.

त्यात या झेरॉक्सची स्वतःची शुद्धलेखनाची अवस्था बघवत नाही. एफ मेजर म्हणून ‘एफ, जी, ए, ए-शार्प, सी...’ असं छापलेलं मी स्वतः पाहिलंय. पेटीवर ए-शार्प आणि बी-फ्लॅट एकच पट्टी, मग काय फरक पडतो? पडतो ना. सात स्वरांना सात अक्षरं, प्रत्येक अक्षर एकदाच, हा नियम आहे. ए दोनदा आणि बी गायब असं केलं की स्टाफ नोटेशनमधे एक जागा रिकामी राहते, दुसऱ्या जागेवर दोन स्वर एकमेकांच्या डोक्यावर बसतात, आणि वाचणारा वेडा होतो. सूत्र लावा, अक्षरं क्रमाने लिहा, शार्प की फ्लॅट ते आपोआप ठरतं.

तसंच सी मेजरनंतर जी मेजर का घेतात, हेही कागद सांगत नाही. प ला सा मानून तेच सात स्वर वाजवून बघा. सगळं छान जमतं, फक्त नी कोमल लागतो. खमाज झाला की राव! तो एक स्वर अर्धी पायरी वर चढवला, एफचा एफ-शार्प केला, की परत बिलावल. असंच पुढे जीच्या प वर, मग त्याच्या प वर. एका वेळी एकच शार्प वाढत जातो. हे कळायला दहा मिनिटं लागतात, पाठ करायला सहा महिने.

पण हे सगळं एक वेळ माफ. खरा गुन्हा पुढे आहे.

आल्टो सॅक्सवर तुम्ही सी वाजवता तेव्हा पेटीवर ऐकू येतो ई-फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. टेनरवर तोच सी वाजवला तर निघते काळी पाच. हा काही बिघाड नाही. अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमधे पेटंट घेतलं ते एका वाद्याचं नाही, लहानमोठ्या वाद्यांच्या अख्ख्या कुटुंबाचं. बँडसाठीचे सॅक्स आलटून पालटून ई-फ्लॅट आणि बी-फ्लॅटचे, म्हणजे एकदा बोटं बसली की आल्टोवाला उद्या टेनर उचलू शकतो, कागदावरचा सी दोन्हीकडे त्याच बोटांनी वाजतो. माझ्या मते झकास डिझाइन आहे. फक्त त्याची किंमत अशी की दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायचं असेल तर हिशेब तुम्हाला करावा लागतो.

आणि आपल्याकडे दुसरं कुणी म्हणजे कोण? गाणारी माणसं. ती सांगणार, "माझी पट्टी काळी एक." किंवा "आज घसा बसलाय, पांढरी सहा घे." हिशेब खरं तर चिमुकला आहे. आल्टोवाल्याने गाणाऱ्याच्या पट्टीपासून तीन हाफ स्टेप खाली मोजायचं, टेनरवाल्याने दोन वर. पांढरी एक असेल तर आल्टोवर ए मेजर, टेनरवर डी मेजर. पांढरी चार असेल तर आल्टोवर डी, टेनरवर जी. झालं. पण बारा ओळींचा कागद पाठ केलेल्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, कारण कागदावर ‘काळी एक’ नावाची ओळच नाही.

मग तो काय करतो? व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या ‘सॅक्स नोटेशन’च्या पीडीएफ गोळा करतो. अमुक गाणं, आल्टोसाठी, अमुक कराओके ट्रॅकवर. दोन वर्षं, पगारातून भरलेली फी, ईएमआयवर घेतलेलं वाद्य, आणि हाती काय? आठ गाणी, ती पण मोबाइलवरच्या त्याच ट्रॅकबरोबर. घरी चार मित्र जमले, बहीण म्हणाली, "दादा, मी म्हणते, तू वाजव, फक्त जरा खालच्या पट्टीत घे," की दादाचं वाद्य पेटीत. मग "आपल्याला काही टॅलेंट नाही" असं म्हणून सहा महिन्यांनी ओएलएक्सवर जाहिरात. टॅलेंटचा काय संबंध? तीनपर्यंत मोजायला कुणी शिकवलंच नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, थिअरीबिअरी सब झूट, आपल्या फिल्मवाल्यांनी सगळं कानाने केलं. हा शुद्ध गैरसमज आहे. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रांमधे गोव्याचे जे वादक होते त्यातले कितीतरी जण चर्चच्या शाळांमधून आले, तिथे मुलं वाद्य हातात येण्याआधी सोल्फेज म्हणायला आणि नोटेशन वाचायला शिकत. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. मनोहरी सिंग यांचा सॅक्स आपण सगळे ऐकतो, पण ते राहुल देव बर्मन यांच्याकडे अरेंजरही होते हे विसरतो. पंधरावीस वाद्यांना कुणी काय वाजवायचं हे लिहून देणारा माणूस अंदाजपंचे वाजवत नसतो. आणि कद्री गोपालनाथ? त्यांनी आल्टोवर कर्नाटक संगीत उभं केलं, पण घरात नागस्वराची परंपरा होती, स्वरांमधली अंतरं त्यांच्याकडे सॅक्सच्या आधीपासून होती. कागदाशिवाय जमलं त्यांना, अंतराशिवाय नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सूत्र कळलं म्हणजे बोटं चालतात असं नाही. बी-फ्लॅटचंच घ्या, त्याला तीन तरी नेहमीची फिंगरिंग्ज आहेत, आणि कुठलं घ्यायचं ते पुढचामागचा स्वर कुठला यावर ठरतं. एफ मेजरमधे डाव्या तर्जनीची छोटी बिस की बरी, एकेक हाफ स्टेप चढायचं असेल तर उजव्या हाताची साइड की. हा रियाजच आहे, रोज, मेट्रोनोम लावून, बाराही ठिकाणांहून. त्याला शॉर्टकट नाही आणि मी सुचवतही नाहीये. पण रियाज समजलेल्या गोष्टीचा करतात. न समजलेल्याचा करतात त्याला आमच्या कॉलेजात व्हायव्हाची तयारी म्हणायचे.

असो. नवा क्लास बघायला जाणार असाल तर फी विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "सर, काळी एकमधे बिलावल वाजवायचा झाला तर आल्टोवर कुठून सुरू करू?" उत्तर आहे बी-फ्लॅट. सर बोटांवर मोजायला लागले तर खुशाल मोजू द्या, मोजता येणारा माणूसच हवाय आपल्याला. कागद शोधायला कपाट उघडलं, तर चपला घाला.