नखाएवढे चित्र

तरुण मुले-मुली रात्री जागून, स्वतःच्या हिमतीवर व्हिडिओ गेम तयार करतात आणि त्याचे मुखपृष्ठ मात्र शेवटच्या दिवशी उरकतात, हे आम्हाला पटत नाही. ‘स्टीम’ या इंटरनेटवरच्या दुकानात गेम मांडायला १०० डॉलर भरावे लागतात. १००० डॉलरची विक्री झाल्यावरच ते परत मिळतात. घामाचा पैसा आहे तो! आणि गिऱ्हाईक आधी पाहते ते चित्रच.

तिथे या चित्राला ‘कॅप्सूल’ म्हणतात (औषधाची नव्हे). यादीत ती कधी कधी १२० बाय ४५ ठिपक्यांचीच उरते. तिच्यात राजवाडा, डोंगर, दहा पात्रे कोंबली तर नुसता चिखल दिसतो. तिथे गेमचे नाव तेवढे जाड अक्षरांत काठोकाठ बसवावे. मोठ्या चित्रात एकच पात्र, एकच प्रसंग. शेतीचा गेम शेतीचाच दिसावा. फसलेले गिऱ्हाईक १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळले असेल तर, पैसे परत मागू शकते.

सप्टेंबर २०२२ पासून या चित्रावर बक्षिसे, अभिप्राय, सवलत छापायला बंदी आहे. हा नियम आम्हाला आवडला. बड्या कंपनीलाही तिथे पदके मिरवता येत नाहीत.

चित्रकला जमत नसेल तर चित्रकाराला योग्य मोबदला द्यावा. ओळखीत फुकट नको. मग ते चित्र मोबाईलवर नखाएवढे करून घरच्यांना दाखवा आणि विचारा, हा खेळ कशाचा?