षटकार कोणत्या भाषेत?

2018 च्या अखेरीस ‘स्टार स्पोर्ट्स 1 कन्नड’ ही सशुल्क वाहिनी सुरू झाली आणि आयपीएल, प्रो कबड्डी तिच्यावरूनही घरात कन्नड बोलू लागली. फेब्रुवारी 2019 पासून वाहिन्या निवडून पैसे मोजायची पद्धत आली. म्हणजे घरातली भाषाही केबलच्या बिलावर ठरू लागली. आमच्या वडिलांच्या पिढीने आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकले. माझ्या मराठी विद्यार्थ्यांना आता सामना कन्नडमध्येच रंगतो. त्यात वावगे काही नाही. भाषा अशी खेळता खेळताच यावी. पण ‘यष्टिरक्षक’, ‘पायचीत’ हे शब्द त्यांच्या कानावर पडणार कुठे? एखादा सामना आवाज बंद करून पाहा आणि आजोबांना समालोचन करू द्या. त्याला वर्गणी लागत नाही!