बोटांना कळेल असा प्लेअर द्या : दृष्टिहीन श्रोत्यांचे मागणीपत्र

प्रति,
खिशात मावणारे ऑडिओ प्लेअर बनवणारे व विकणारे सर्व उत्पादक,
तसेच दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

आम्ही कानांनी वाचणारी माणसे आहोत. आमच्या दृष्टिहीन श्रोत्यांच्या संघात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली आहेत, शिक्षक आहेत, काचबिंदूने उतारवयात दृष्टी गेलेले आजी-आजोबा आहेत. पुस्तकांचा दुष्काळ आता थोडा हटला आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाल्यापासून आमच्यासाठी पुस्तके ध्वनिरूपात आणायला कायद्याची आडकाठी नाही. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, शिवाय अनेक स्वयंसेवक घरी बसून आमच्यासाठी वाचून देतात. घोडे अडते ते ऐकण्याच्या यंत्रापाशी.

बाजारातला कुठलाही स्वस्त प्लेअर हातात घ्या. ‘पुढे’ आणि ‘आवाज वाढवा’ ही दोन्ही कामे बहुधा एकाच बटणावर असतात. दाबून धरले तर आवाज वाढतो, पटकन सोडले तर पुढचा ट्रॅक लागतो. पन्नास मिनिटांचे प्रकरण चाळिसाव्या मिनिटाला आलेले असते, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, आवाज वाढवायला जावे तर बोट जरा लवकर उचलले जाते आणि प्रकरण हातचे जाते. मागे यावे तर ते पहिल्या वाक्यापासून सुरू! परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाचे असे रोज किती तास वाया जात असतील, याचा विचार यंत्र बनवणाऱ्यांनी करावा.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : ऐकणे जिथे थांबले ती जागा प्लेअरने लक्षात ठेवावी. तीही प्रत्येक पुस्तकाची वेगळी, बॅटरी संपली तरी न पुसली जाणारी. जागेची नोंद ठेवायला मोजकीच मेमरी लागते. ३२ जीबीच्या कार्डावर ६४ केबीपीएसने ध्वनिमुद्रित केलेले सुमारे ११०० तासांचे वाचन मावते, तेव्हा मेमरी पुरत नाही ही सबब चालणार नाही.

आवाजाची बटणे वेगळी हवीत आणि मधल्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा हवा. फाइली आकड्यांच्या क्रमाने लागाव्यात. आज अनेक यंत्रांत पहिल्यानंतर थेट दहावे प्रकरण सुरू होते. वेग वाढवला तरी वाचणाऱ्याचा आवाज चिरका होऊ नये.

यंत्राने मराठीत बोलावे, ही दुसरी मोठी मागणी. बॅटरी किती उरली, कोणते पुस्तक उघडले, हे त्याने सांगावे आणि फाइलचे देवनागरी नाव वाचून दाखवावे. हे अशक्य नाही. पडदाच नसलेला २००९ चा आयपॉड शफल गाण्याचे नाव बोलून सांगत असे. स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘रॉकबॉक्स’ या मुक्त प्रणालीने तर साध्या प्लेअरचे मेनू बोलते केले. मराठी वाचून दाखवणारी ‘ईस्पीक’ ही प्रणालीही मुक्त आहे. कमी आहे ती इच्छेची.

“मोबाइलवर सगळे होते की!” असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. होते, आणि आमच्यातले अनेक जण पडदा वाचून दाखवणारे टॉकबॅक लावून मोबाइल सराईतपणे वापरतात. पण सत्तरीत दृष्टी गेलेल्या आजींना गुळगुळीत काचेवर दोनदा टिचकी मारून पुस्तक शोधायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. दृष्टिहीनांसाठीचे खास डेझी प्लेअरही आहेत. त्यांत प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते, खूणही ठेवता येते. परंतु त्यांची किंमत साध्या प्लेअरच्या कित्येक पट. या सोयी साध्या यंत्रात आल्या तर प्रवासात किंवा अंधारात पडल्या पडल्या ऐकणाऱ्या डोळस माणसालाही त्या हव्याच असतील.

शासनाकडे आमचे मागणे कायद्यातले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ नुसार, रोजच्या वापरातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत यासाठी पावले उचलणे शासनाचे कर्तव्य आहे. तेव्हा सरकारी पैशाने एकही प्लेअर दृष्टिहीन व्यक्तींनी स्वतः हाताळून पसंत केल्याशिवाय खरेदी होऊ नये, आणि ही अट निविदेतच असावी.

उत्पादकांनी नमुने पाठवावेत. आमचे सभासद विनामूल्य चाचणी करून लेखी अभिप्राय देतील. या पत्राचे उत्तर कृपया युनिकोडमध्ये टंकलेले किंवा ध्वनिमुद्रित असावे. सही-शिक्क्याच्या कागदाचा नुसता फोटो आम्हाला वाचता येत नाही.

आपले,
संघाचे सर्व सभासद