घडणावळ

कोल्हापुरात दागिन्याबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो : खरं आहे का? म्हणजे सोन्याचं आहे का. नसेल तर ते बेंटेक्स. आणि बेंटेक्सही नसेल, कोणीतरी घरी साच्यात ओतलेलं रेझिन असेल, तर मग 'प्लॅस्टिकच की'. एवढं म्हटलं की विषय संपतो. खडा हातात घेऊन उजेडाकडे धरून बघायचीही गरज उरत नाही.

हा लेख त्या 'च की'च्या विरोधात आहे.

कॉस्प्ले ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : अ‍ॅनिमे, गेम, कॉमिक किंवा सिनेमातलं आवडतं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख जमवायचा आणि मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमध्ये दिवसभर ते पात्र होऊन हिंडायचं. हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. आमच्या घरी याला 'फॅन्सी ड्रेस' म्हणतात आणि माझी त्याला काही हरकत नाही. तर या पोशाखांत खडे फार. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधल्या बहुतेक पात्रांच्या अंगावर 'व्हिजन' नावाचा चमकता खडा असतो, 'सेलर मून'च्या छातीवर ब्रोच असतो, थॅनोसच्या पंजात सहा खडे असतात. हे गुजरीत मिळत नाहीत आणि महाद्वार रोडवरही मिळत नाहीत. चुकून तसलं काही मिळालंच तर मापात बसत नाही, कारण चित्रकाराने ते काढताना माणसाच्या गळ्याची रुंदी विचारात घेतलेली नसते. म्हणून ते ओतावे लागतात.

आता 'खरं' म्हणजे काय ते जरा गुजरीत जाऊनच बघू. आजीची बोरमाळ घ्या. दिसायला भरगच्च, हाताला हलकी. कारण मण्याच्या आत लाख आणि वरून सोन्याचा पातळ पत्रा. ज्या साजावर आख्ख्या गावाची छाती फुगते त्या कोल्हापुरी साजातले मणी आणि पानंही लाखेच्याच आधाराने उभी असतात. म्हणून तर 'उष्णतेजवळ ठेवू नको' अशी ताकीद मिळते आणि मोडीत घालताना सोनार लाखेचं वजन वजा करतो. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव. रसायनशास्त्रात ती ज्या वर्गात मोडते त्याचं नाव रेझिन. कुंदनकामातही खडा लाखेवर बसवतात आणि त्याच्याखाली चकाकता पातळ पत्रा घालतात, म्हणजे आत गेलेला उजेड परत बाहेर येतो. मी माझ्या खड्यामागे चॉकलेटची चांदी लावते तेव्हा नेमकं हेच करत असते. किड्याने केलेलं रेझिन परंपरा आणि बाटलीतून आलेलं प्लॅस्टिक, हा न्याय कुठला?

सोन्याला मोडीचा भाव येतो, रेझिनला येत नाही, हे कबूल. त्याकडे परत येते.

आणि या गावाने 'खोटं' बनवायची लाज कधीपासून धरली? बाबूराव पेंटर इथले. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस. त्यांनी इथे बसून कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' केला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की दृश्य कापावं लागलं. १९३२मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' इथेच उभा केला. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, आणि राणीच्या गळ्यातलं किती तोळ्यांचं आहे असं थिएटरात कोणी विचारलं नाही. पुढे भालजी पेंढारकरांनी शिवकाळ उभा केला तोही पुठ्ठा, प्लॅस्टर आणि रंग यांच्यावरच. उलट बालगंधर्वांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : शालू खरे, अत्तर खरं आणि कर्जही खरं. खोटं हुबेहूब बनवणं हा कोल्हापूरचा शंभर वर्षांचा धंदा आहे. आज कोणी मुलगी टेरेसवरच्या खोलीत तोच धंदा करते तेव्हा मात्र ती 'खुळ्यागत काहीतरी' करत असते.

बरं, काम म्हणाल तर तेही या गावाला नवं नाही. ऑइल इंजिनांचे सुटे भाग ओतून मोठं झालेलं हे गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही जा, शेकडो फाउंड्र्या आहेत. मी इंजिनिअरिंगला असताना पॅटर्न, रायझर, ब्लोहोल हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले. ते कळले ते पहिला खडा ओतला तेव्हा. आधी पॅटर्न, ज्याला आम्ही मास्टर म्हणतो. तो मातीचा करा, लाकडाचा करा किंवा थ्रीडी प्रिंट काढा, पृष्ठभाग आरशासारखा व्हायला हवा. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून ८००, १५००, २००० असं चढत जायचं, तेही पाण्यात. सिलिकॉन कोणावर दया करत नाही. मास्टरवर बोटाचा ठसा राहिला तर साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक खड्यावर तो ठसा छापून येतो. मातीचंही एक आहे : प्लॅटिनम-क्युअर सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं. मास्टरच्या मातीत गंधक असेल तर लागून असलेला थर घट्टच होत नाही, नुसता चिकट राहतो आणि महागडं सिलिकॉन वाया जातं.

मग ओतणं. इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते वजनाने आहे की आकारमानाने हे वाचायचा कंटाळा करणारे पुष्कळ. दोन्ही द्रवांची घनता वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं धरलं की खडा जन्मभर मऊ. जोरात ढवळलं की बुडबुडे होतात, हळू ढवळलं तर कडेचं नीट मिसळत नाही, म्हणून पेला बदलून पुन्हा ढवळायचं. जाड खडा एका दमात ओतला तर मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, कधी तडकतं. थर घालत जावं लागतं आणि पुढचा थर कधी घालायचा हे आधीचा थर सांगतो. गुऱ्हाळावर गुळव्या पाकाकडे बघून कढई कधी उतरवायची ते ठरवतो, तसं. घड्याळ आहेच, पण शेवटचा निर्णय डोळ्याचा. बुडबुडा राहिला तर तो ब्लोहोल. शिरोलीत ब्लोहोल निघाला की कास्टिंग परत भट्टीत जातं. रेझिन एकदा घट्ट झालं की वितळत नाही. त्याला दुसरी संधी नाही.

पावसाळ्यात तर हवाच वैरी. हार्डनरला हवेतला ओलावा लागला की वर तेलकट, धुरकट थर येतो. कोल्हापूरचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको.

हे सगळं करून झाल्यावर माणसं विचारतात, "मटेरियल किती लागलं?"

या एका प्रश्नात सगळा घोळ आहे. माझ्या एका व्हिजनमध्ये ४० ग्रॅम रेझिन जातं. दोन-चार वडापावच्या पैशांत बसेल इतकंच. आणि मास्टर, घासणं, साचा, थर, कडा काढणं, पॉलिश, मागे चांदी आणि एलईडी बसवणं मिळून पहिल्या खड्याला १४ तास लागतात. हे १४ तास विचारणाऱ्याच्या हिशेबात कुठेच नसतात. त्याला वाटतं वडापावच्या पैशांची वस्तू मी दीड हजाराला विकते.

गुजरीत हाच माणस सोन्याच्या भावावर घडणावळ देतो. कुरकुरतो, घासाघीस करतो, पण देतो. कारण घडवण्याला वेगळे पैसे पडतात हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तो शब्द बिलावर छापलेला असतो. रेझिनच्या खड्यात मोडीचा भाव शून्य, वजन नगण्य, उरते ती फक्त घडणावळ. दागिन्यातून सोनं काढून टाकलं की जे शिल्लक राहतं, ते आम्ही विकतो. आणि तेवढ्यासाठीच पैसे द्यायला तुम्हाला जड जातं.

माझा पोटाचा धंदा सॉफ्टवेअरचा आहे. मी लिहिते त्या कोडचं वजन किती? शून्य ग्रॅम. कच्चा माल कोणता? वीज आणि चहा. तरीही क्लायंटला तासांचं बिल जातं आणि 'नुसती अक्षरंच टाइप केलीत की' असं तो म्हणत नाही. दिवसा माझ्या तासाला भाव आहे. रात्री त्याच बोटांनी, त्याहून जास्त लक्ष देऊन मी जे करते त्याला नाही. फरक काय, तर दिवसाच्या कामाला नोकरी म्हणतात आणि रात्रीच्या कामाला हौस.

हौसेला मोल नाही, ही आपली लाडकी म्हण. तिचा मूळ अर्थ असा की हौसेपायी माणूस किंमत बघत नाही. तो खर्च करणाऱ्याबद्दल आहे. आपण तो उलटा फिरवून करणाऱ्याच्या डोक्यावर बसवला : तुला हौस आहे ना, मग फुकट कर. रांगोळी काढणारी, मेंदी काढणारी, गौरी सजवणारी, गॅदरिंगला पन्नास पोरांचे मुकुट चिकटवणारी, सगळ्यांना हेच ऐकवलं जातं. 'तुला छान येतं' या वाक्यानंतर बहुधा एक फुकटचं काम येतं. यात बायका जास्त का सापडतात हे मी सांगायला नको. फाउंड्रीत ओतणाऱ्या माणसाला हौशी म्हणायची कोणाची टाप नाही.

आता आमच्याच लोकांकडे वळते, कारण घडणावळ बुडवण्यात आपले लोकही मागे नाहीत. एखादीने महिनाभर खपून मास्टर केलेला असतो. दुसरा तिच्याकडून एक खडा विकत घेतो, त्याच्याभोवती सिलिकॉन ओततो आणि आठवड्यात निम्म्या भावाने तोच खडा विकायला काढतो. याला रीकास्टिंग म्हणतात. मी याला चोरी म्हणते. खड्याचं रूप तर गेमच्या कंपनीचं, मग मूळ मास्टरवाली तरी कुठली धुतल्या तांदळासारखी, असा बचाव हमखास येतो. कंपनीचा हक्क आहेच, तो मी नाकारत नाही. त्याचा जाब कंपनीला द्यायचा. पण पडद्यावरच्या चित्राला पाठ नसते, जाडी नसते, ते पोशाखाला कसं अडकतं हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. हे सगळं तिने शोधून काढलं. तू ते शोधलेलं नाहीस, तू फक्त त्यावर सिलिकॉन ओतलंस. दुसऱ्याचं कोड स्वतःच्या नावावर खपवणाऱ्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते आठव.

आणि हातमोजे. यावर मी चिडते, त्याला इलाज नाही. रीलमध्ये बघावं तर नेलपॉलिश लावलेली उघडी बोटं, बंद बेडरूम, बाजूला झोपलेलं मांजर आणि खाली 'नॉन-टॉक्सिक' असा शिक्का. तो दावा फार तर पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनला लागू पडतो. ओलं रेझिन आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले की अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा शरीराने ती धरली की सहसा आयुष्यभर सोडत नाही. मग बोटं खाजतात, फुटतात, पापण्या सुजतात. यूव्ही दिव्याखाली दोन मिनिटांत घट्ट होणाऱ्या रेझिनलाही हेच लागू आहे. नायट्राइलचे मोजे घाला. वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लावा, कोविडातला कापडी मास्क वाफ अडवत नाही. घासायचं ते पाण्यात, म्हणजे धूळ उडणार नाही. हाताला लागलंच तर अ‍ॅसिटोनने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा. अ‍ॅसिटोन त्वचेचं रक्षण करणारं तेल काढून टाकतं आणि रेझिनचं आत जाणं सोपं करतं. हे न करण्याचं कारण प्रत्येक वेळी एकच ऐकते : 'मी काय धंदा करते का, हौस म्हणून करते.' बघा, तीच हौस. तिच्या नावाखाली आधी पैसे बुडतात, मग कातडी.

पर्यावरणाचं विचारणारेही असतात आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. रेझिन कुजत नाही, पुन्हा वितळत नाही. म्हणून मी दहा खडे ओतून त्यातला बरा निवडण्यापेक्षा मास्टरवर चार दिवस जास्त घालवते आणि फसलेले खडे फोडून पुढच्या खड्याच्या पोटात भरते. पण थर्माकोलची मखर दर वर्षी नवी आणणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला पंचगंगेवर व्याख्यान देऊ नये, एवढी विनंती.

माझ्या बिलावर गेल्या वर्षापासून दोन ओळी असतात. पहिली मटेरियल, रक्कम दोन आकडी. दुसरी घडणावळ, रक्कम चार आकडी. पहिल्यांदा असं बिल पाठवलं तेव्हा समोरच्याने हसण्याचे तीन इमोजी पाठवले आणि मग अर्ध्या तासाने पैसे. त्यानंतर 'मटेरियल किती' हा प्रश्न कमी झाला, कारण त्याचं उत्तर पहिल्याच ओळीत आहे. जून ते सप्टेंबर मी इपॉक्सी ओतत नाही, या दिवसांत फक्त मास्टर घासत बसते. ज्यांना पुढच्या कॉनसाठी खडे हवेत त्यांनी पात्राचं नाव, गळ्याचं माप आणि खडा पोशाखाला कुठे अडकवायचा त्याचा फोटो आत्ताच पाठवावा. निम्मी घडणावळ आगाऊ.