हौसेचा हिशेब उघडा ठेवा

आठशेची साडी घरात सांगताना पाचशेची होते आणि भिशीत सांगताना बाराशेची! हा चमत्कार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अलीकडे त्यात झाडांची भर पडली आहे. नर्सरीतून साडेतीनशेला घेतलेलं ऑर्किड घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत शंभराचं झालेलं असतं. कधीकधी तर ते चक्क ‘मैत्रिणीनं दिलेलं’ असतं.

ऐकताना गंमत वाटते. पण जरा थांबून विचार करा. किराणा, दूध, गॅस, मुलांच्या फिया, लग्नामुंजीचे आहेर हे सगळं महिनोन् महिने बोटांवर मोजून निभावणारी बाई साडेतीनशे रुपयांसाठी खोटं का बोलते? तिला हिशेब येत नाही म्हणून? छे! घरात सगळ्यांत चोख हिशेब तिचाच असतो.

मला वाटतं, याचं कारण असं. घरात खर्चाचे दोन रकाने असतात. एक गरजेचा आणि दुसरा हौसेचा. कुठला खर्च कुठल्या रकान्यात टाकायचा, हे ठरवण्याचा हक्क मात्र बऱ्याच घरांत बाईकडे नसतो. यजमानांच्या गाडीला नवं सीट कव्हर ही गरज. मुलाच्या मोबाइलला नवी काच ही गरज. आणि आईनं गॅलरीत टांगलेली एक कुंडी? ते ‘तिचं खूळ’!

ऑर्किडचं उदाहरण मी मुद्दाम घेते आहे, कारण या हौसेचं गणित घरच्यांना वाटतं त्यापेक्षा वेगळं आहे. पूर्वी ऑर्किड म्हटलं की मोठ्या हॉटेलातला गुच्छ नाहीतर लग्नाचं स्टेज आठवायचं. आता तालुक्याच्या गावातल्या नर्सरीतही डेंड्रोबियम टांगलेलं दिसतं. तसं पाहिलं तर ऑर्किड आपल्याला परकंही नाही. भारतात त्याच्या बाराशेहून अधिक जाती सापडतात. कोकणात आणि घाटात पावसाच्या तोंडावर झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ही त्यातलीच.

अनेकांना ते बांडगूळ वाटतं. दुसऱ्या झाडावर बसलेलं दिसतं ना! पण बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. फांदीवरचं ऑर्किड फक्त आधार घेतं. पाऊस, दव, सालीत साठलेला पालापाचोळा यांवर ते आपलं अन्न आपण तयार करतं. मला यात घरात बसलेल्या बाईचीच कथा दिसते. ‘ती काय, घरीच असते,’ असं म्हणणाऱ्यांना वाटतं, ती कुणाच्या तरी जिवावर जगते. देशभर झालेल्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, असं आढळलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष? ९७ मिनिटं. आता सांगा, बांडगूळ कोण?

आता या हौसेच्या हिशेबाकडे वळू. ऑर्किडची रोपं वाढवायचे मार्ग दोन-तीन आहेत. बियांचा मार्ग आपल्या कामाचा नाही. एका शेंगेत लाखांनी बिया असतात, पण धुळीसारख्या बारीक. त्या बीत रोपासाठी शिदोरीच नसते. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते. १९२२ मध्ये लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर ती बुरशीशिवाय रुजवून दाखवली. आजच्या प्रयोगशाळांतली रोपं त्याच वाटेनं आलेली आहेत.

घरी करायचं ते पिल्लांवर. डेंड्रोबियमचं फुलून गेलेलं जुनं खोड निरुपयोगी समजून कापू नका. त्याच्या पेरावर कधीतरी छोटंसं पिल्लू फुटतं. त्याला दोन-तीन पानं आणि दीड-दोन इंचांची मुळं आली की गॅसच्या ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्यानं ते अलगद सोडवायचं. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायची, मुळांना मात्र ती लागू द्यायची नाही. मग कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरलेल्या लहान कुंडीत ते बसवायचं. माती अजिबात नको. कॅटलियासारखं झाड दाट झालं की तीन-चार जाड खोडं एकत्र राहतील असे भाग करायचे. एकेक सुटं केलं तर ते वर्षानुवर्षं रुसून बसतं. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात हिरवी जाळी आणि कुंडीखाली ओल्या वाळूचं ताट, एवढं हवंच.

आणि मग वाट पाहायची. पिल्लाला फूल यायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. समजा, सातशेची दोन झाडं घेतली. कुंड्या, कोळसा, जाळी यांचे पाचशे. खताचे दोनशे. पहिल्या वर्षी चौदाशे गेले आणि आलं काहीच नाही. घरचे म्हणणारच, ‘झालं समाधान?’ पण झाडं नीट जगली, तर तिसऱ्या वर्षापर्यंत दोनाच्या पाच-सहा कुंड्या होऊ शकतात. त्यातल्या दोन विकल्या, तर पुढचं खत आणि कोळसा त्यातून सुटतो. हौस आपलं पोट आपण भरायला लागते. मालामाल कुणी होत नाही, पण घरखर्चातून पैसाही मागावा लागत नाही. हे गणित मांडून दाखवलं, तर घरातल्या कुणाला समजणार नाही असं थोडंच आहे?

इथं सासूबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी बरं का. ज्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिला, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, दुष्काळी कामावर माती वाहिली, तिला न खाता येणाऱ्या झाडावर पैसे घालणं खरोखरच टोचतं. ‘त्यापेक्षा कढीपत्ता लाव, अळू लाव,’ या बोलण्यात कंजूषपणा नसतो, भीती असते. त्या भीतीनंच तर घर तारलं. अशा वेळी वाद घालू नये. कढीपत्ताही लावावा आणि ऑर्किडही टांगावं. पण किंमत खरी सांगावी. कारण लपवलेल्या पैशाचं शेवटी काय होतं, ते आपण ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाहिलंय. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि डाळीच्या डब्यातले, साड्यांच्या घडीतले पैसे घरोघरी बाहेर काढावे लागले. वर्षानुवर्षांची बचत होती ती, आणि कौतुक व्हायच्या ऐवजी कितीजणींना ‘एवढे कुठून आले?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं.

दुसरी गोष्ट याच्या बरोब्बर उलटी. पहिल्या चार कुंड्या विकल्या गेल्या की घराचा सूर एका रात्रीत बदलतो. ‘अगं, मग मोठ्या प्रमाणावर कर ना! गच्चीवर शेड टाकू, कर्ज काढू.’ कालपर्यंतचं खूळ आज ‘प्रोजेक्ट’ होतं! मैत्रिणींनो, इथं जास्त सावध राहा. व्हॅनिला हीसुद्धा एक ऑर्किडच. २००३ च्या सुमारास तिचे भाव आभाळाला भिडले, तेव्हा केरळ-कर्नाटकात किती शेतकरी तिच्यामागे धावले! दोनेक वर्षांत भाव कोसळले आणि वेली नुसत्याच उरल्या. तिथं कुणी ‘खूळ’ हा शब्द वापरला नाही, कारण ती ‘गुंतवणूक’ होती. ज्यांना व्यवसाय करायचाय त्यांनी बाजार पाहून, शिकून जरूर करावा. पण पैसे मिळाले तरच हौस खरी, नाहीतर वाया, हे मला मान्य नाही. पुरुषांच्या क्रिकेट मॅचनं घरात किती रुपये आले, असं आपण कधी विचारतो का?

व्हॅनिलाचीच आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तिच्या फुलात परागीकरण घडवणाऱ्या माश्या तिच्या मूळ देशात, मेक्सिकोकडे. बाहेर वेल फुलायची, पण शेंग धरायची नाही. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं एक बारीक काडी आणि अंगठा यांच्या मदतीनं ते काम हातानं करून दाखवलं. आजही जगभरच्या मळ्यांत व्हॅनिला अशीच हातानं फळवतात. या कसबावर मळेवाले श्रीमंत झाले. एडमंड १८८० मध्ये गरिबीतच वारला. कसब हाताचं आणि पैसा दुसऱ्याचा, हे असं जुनं आहे.

म्हणून विकलेल्या कुंडीचे पैसे कुठं जातात, हे महत्त्वाचं. ‘दे इकडे, लाइट बिल भरून टाकू,’ असं म्हणत ते घरखर्चात विरघळतात आणि पुढच्या वेळी खतासाठी पुन्हा हात पसरावा लागतो. अडीअडचणीला आपण देतोच, बाई कधी मागं राहत नाही. पण देणं वेगळं आणि न विचारता घेतलं जाणं वेगळं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ सांगतं, की स्त्रीकडे असलेल्या मालमत्तेची ती संपूर्ण मालक असते. आणि त्या मालमत्तेत वारसानं, भेटीनं मिळालेलं जसं येतं, तसं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कष्टानं मिळवलेलंही येतं. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख स्त्रियांनाही हा कायदा लागू आहे. घरात कायद्याचं पुस्तक काढून बसा, असं मी म्हणत नाही. पण आपल्या कष्टाचा पैसा आपला आहे, एवढं मनात तरी पक्कं असू द्या.

तिसरी अडचण आपली आपणच करून ठेवलेली. ‘वहिनी, एक पिल्लू द्या ना मला!’ नणंद मागते, जाऊबाई मागतात, शेजारच्या काकू मागतात. तेच रोप नर्सरीत त्या मुकाट्यानं चारशे रुपये देऊन घेतात. आपण मात्र दोन वर्षं सांभाळलेली कुंडी पिशवीत घालून देतो, वर कुंडीही परत मागत नाही! ‘आपल्या माणसांकडून पैसे कसले घ्यायचे?’ बरोबर आहे. आवडीच्या माणसाला आनंदानं द्यावं. माझी हरकत आहे ती पैसे मागायची लाज वाटते म्हणून देण्याला. एखादीनं हसत हसत ‘कुंडी-कोळशाचे शंभर रुपये द्या, झाड माझ्याकडून भेट,’ असं म्हणून पाहावं. नाती तुटत नाहीत. उलट, पैसे देऊन नेलेलं झाड मंडळी पाणी घालून जगवतात.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. हौसेची एक वेगळी वही करा. काय आणलं, केवढ्याला आणलं, कधी पिल्लू फुटलं, कुणाला दिलं, किती आले, सगळं त्यात लिहा आणि ती वही कपाटात लपवू नका, टीपॉयवर ठेवा. आलेले पैसे आपल्या स्वतःच्या खात्यात टाका. एटीएमचं कार्ड आपल्याच पर्समध्ये असू द्या आणि पिन आपल्याच लक्षात. स्वस्तात मिळतं म्हणून रानातून ओरबाडलेली ऑर्किडं घेऊ नका. ती गॅलरीत सहसा जगत नाहीत आणि रानही उजाड होतं. आणि घरात एक नियम करा: जो प्रश्न आईच्या कुंडीला, तोच बाबांच्या सीट कव्हरला. दोघांनाही विचारा नाहीतर कुणालाच विचारू नका.

आणि हो, ज्या मैत्रिणी आता स्वतः सासू झाल्या आहेत त्यांना एक विनंती. उद्या सूनबाई हातात कुंडी घेऊन दारात उभी राहिली, तर ‘केवढ्याला आणलीस?’ हे लगेच विचारू नका. आधी ‘कुठं टांगायची?’ ते विचारा, हवं तर खिळा ठोकायला मदत करा. किंमत ती आपणहून सांगेल, आणि खरी सांगेल.