प्रकल्प चौघांचा, परीक्षा कोणाची?

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सवाल्यांकडे आणि बाइंडरांकडे गर्दी उसळते. काळे रेक्झिन, त्यावर सोनेरी ठशातील अक्षरे आणि आत शंभरएक पाने, असा तो ऐवज असतो. विद्यार्थ्यांच्या बोलीत त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. संगणक अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाला वर्षभर, निदान कागदोपत्री वर्षभर, चाललेल्या प्रकल्पाचा हा अहवाल. तीन-चार विद्यार्थ्यांचा गट, त्यावर एक मार्गदर्शक, दोन सत्रांत विभागलेले काम आणि अखेरीस बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे थोडक्यात प्रात्यक्षिक, असा बहुतेक ठिकाणचा बेत. परीक्षक पुस्तक चाळतात, दोन-चार प्रश्न विचारतात, पडद्यावर काहीतरी हलते ते पाहतात आणि सही करतात. चौघांच्या पदरात जवळजवळ सारखेच गुण पडतात. पुस्तक विभागाच्या कपाटात जाते, ते सहसा पुन्हा कोणी उघडत नाही.

या काळ्या पुस्तकाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळदा होतेही. पण चार वर्षांच्या शिक्षणक्रमात दुसऱ्याच्या साथीने काम करण्याची खरी अपेक्षा असते ती याच एका विषयात. बाकीचे विषय विद्यार्थी एकट्याने शिकतो, पेपर एकट्याने लिहितो आणि त्या वेळी शेजाऱ्याकडे मान वळविली तर पर्यवेक्षक त्याला उठवितात. पदवी हाती पडल्यावर मात्र तो ज्या कामाला लागतो, ते एकट्याने होण्यासारखे नसते. बँकेची किंवा रेल्वे आरक्षणाची प्रणाली अनेकांच्या हातांतून गेलेली असते आणि त्यांतील कित्येकांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. अमेरिकेत या अभ्यासक्रमाला ‘कॅपस्टोन’ म्हणतात. बांधकामाच्या माथ्यावर शेवटी बसवायचा दगड, आपल्या शब्दांत कळस. भारत २०१४ साली ‘वॉशिंग्टन करारा’चा पूर्ण सदस्य झाला. या करारासाठी भारताच्या वतीने शिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनने पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांची जी यादी केली आहे, तीत संघात काम करण्याची पात्रता स्वतंत्रपणे नोंदविलेली आहे. महाविद्यालये ती यादी भिंतीवर लावतात. तिच्यातील या एका गुणाची परीक्षा मात्र फारशी कोठे घेतली जात नाही.

अनेकांनी मिळून आज्ञावली लिहिणे किती अवघड आहे, हे संगणकाच्या व्यवसायाला फार लवकर कळले. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत मोठ्या प्रणाली वेळेवर का पुऱ्या होत नाहीत, याचा खल झाला आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव तेथून सर्वतोमुखी झाले. आय.बी.एम.च्या ३६० मालिकेतील यंत्रांच्या कार्यप्रणालीचे काम ज्यांनी सांभाळले, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. रखडलेल्या कामावर जादा माणसे लावली की ते आणखी रखडते, हा त्यांचा निष्कर्ष आज या व्यवसायात म्हणीसारखा वापरला जातो. त्याच्या मागे साधे गणितही आहे. चार माणसांत परस्परसंबंधांच्या जोड्या सहा होतात, आठ माणसांत अठ्ठावीस. हात दुप्पट होतात आणि बोलण्याचे धागे जवळजवळ पाचपट.

पण ब्रुक्स केवळ व्यवस्थापक नव्हते. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी बावीस वर्षे नेमका हाच अभ्यासक्रम शिकविला. सरासरी चार विद्यार्थ्यांचा संघ, एका सत्राचा अवधी आणि खरोखरीच्या उपयोगाचे काम, ही त्याची आखणी. यांतील निम्मा काळ लोटल्यावर त्यांनी पद्धत बदलली. सगळे भाग पुरे करून अखेरीस जोडण्याऐवजी आधी फारसे काही न करणारा, पण चालणारा सांगाडा उभा करावा आणि मग त्यात एकेक भाग भरावा, असे ते शिकवू लागले. पडद्यावर पहिले चित्र उमटताच संघाच्या उत्साहात जो पालट होई, तो पाहून ते थक्क झाले, असे त्यांनीच नमूद करून ठेवले आहे.

आपल्याकडे नेमके उलट घडते. हजेरी नोंदविणाऱ्या प्रणालीचेच उदाहरण घ्यावे. हा विषय दरवर्षी कोठे ना कोठे निघतोच. जुलैत चौघे जण काम वाटून घेतात. एकाकडे मोबाइलवरचे पडदे, दुसऱ्याकडे माहितीचा साठा, तिसऱ्याकडे चेहरा ओळखण्याचा भाग, चौथ्याकडे अहवाल. त्यानंतर ते एकत्र येतात ते थेट मार्चच्या अखेरीस, प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री. तेव्हा असे दिसते की, एकाने हजेरी क्रमांक अक्षरांच्या रूपात पाठविला आहे, दुसऱ्याने तो संख्या म्हणून साठविला आहे, आणि त्यामुळे आरंभीचे शून्य गळून पडून ०४२ आणि ४२ हे दोन वेगळे विद्यार्थी झाले आहेत. सर्व्हरचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत असल्याने सकाळी साडेआठच्या तासाला बसलेला वर्ग पहाटे तीन वाजता हजर असल्याची नोंद होते. हे दोष हास्यास्पद आहेत, पण क्षुल्लक नाहीत. व्यवसायातील मोठमोठ्या प्रणालीही अशाच ठिकाणी अडखळतात, दोन माणसांच्या कामाच्या सांध्यावर. ते ऑगस्टमध्ये सापडले असते तर चौघांना त्यातून एक विद्या मिळाली असती. मार्चच्या रात्री सापडल्यावर उपाय एकच उरतो. ज्याला आज्ञावली उत्तम लिहिता येते तो सारे काम एकहाती ओढून नेतो आणि बाकीचे तिघे चहा आणतात.

हा जो एकटा सारे करतो, त्याच्याविषयी सहानुभूती दाखविण्याची रीत आहे. तो फसला, इतर फुकटचे गुण घेऊन गेले, असे म्हटले जाते. काही अंशी ते खरेही आहे. पण अधिक नुकसान बाकीच्या तिघांचे होते आणि ते आळशी असतातच असे नाही. गट बहुधा मैत्रीने बनतात आणि गटात कामे वाटली जातात ती पहिल्याच आठवड्यात, कोण कशात तरबेज आहे हे पाहून. ज्याच्या घरी शाळेपासून संगणक होता त्याच्याकडे आज्ञावली जाते. मुलीचे अक्षर आणि टापटीप चांगली, म्हणून अहवाल तिच्याकडे. तालुक्याच्या गावाहून मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या मुलाला ‘तू पीपीटी कर’ असे सांगितले जाते. तीही मग दुसऱ्या कोणाला तरी तपासावी लागते. ज्याला जे येत होते ते त्याने आणखी केले, ज्याला येत नव्हते त्याने ते वर्षभर टाळले. शिक्षणसंस्थेत हे घडावे आणि त्याला संघभावना म्हणावे, यापरती विसंगती नाही. चार वर्षांपूर्वीचे अंतर मिटविण्याची अखेरची संधी ज्या विषयात होती, त्याच विषयाने ते अंतर शिक्कामोर्तब करून विद्यार्थ्याला बाहेर धाडले.

त्यात आता आणखी दोन गोष्टींची भर पडली आहे. तयार प्रकल्प विकत देणारी दुकाने जुनीच आहेत. आज्ञावली, अहवाल आणि तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरे असा संच तेथे मिळतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि मग त्या दुकानाची पायरी चढण्याचेही कारण उरले नाही. यंत्राकडून आज्ञावली लिहून घेण्यात मुळात काही गैर आहे असे नाही. व्यवसायात ते सर्रास होते. परंतु पडद्यावर काही चालून दाखविणे, एवढ्यावरून विद्यार्थ्याविषयी काही सिद्ध होण्याचे दिवस संपले. दुसरी गोष्ट नोकरीची. सातव्या सत्रातच कंपन्या मुलाखतींसाठी येतात, आठव्यात गटातील एखादा उमेदवारीसाठी बंगळुरूला निघून जातो. उरलेल्यांनी फोनवरून संघ चालवावा, अशी मग अपेक्षा असते.

यावर उपाय म्हणून प्रकल्प एकेकट्यानेच करावा, असे सुचविणारेही आहेत. ते रोगाबरोबर रोग्याचीही विल्हेवाट लावण्यासारखे होईल. बदलायला हवी ती गुण देण्याची जागा. अंतिम प्रात्यक्षिक आणि काळे पुस्तक यांना आज जे वजन आहे, ते वर्षभराच्या कामाकडे सरकले पाहिजे. त्यासाठी साधनांची वाण नाही. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची वही ठेवते आणि ती फुकट मिळते. अर्थात या वहीतल्या नोंदी नुसत्या मोजून गुण दिले तर विद्यार्थी स्वल्पविराम बदलून नोंदी वाढवतील. ती वाचावी लागते, आणि वाचून प्रश्न विचारावे लागतात. दहाव्या आठवड्यापर्यंत एकही भाग दुसऱ्या भागाशी जोडला गेलेला नाही, हे तिच्यात स्पष्ट दिसते. मार्गदर्शकाने तेथेच गटाला थांबवायचे असते.

तोंडी परीक्षाही बदलता येईल. विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या भागाविषयी विचारण्याऐवजी त्याच्या सोबत्याने लिहिलेला भाग उघडून द्यावा आणि त्यात एक लहानसा फेरफार समोर बसून करायला सांगावे. अहवाल लिहिणाऱ्या मुलीला माहितीच्या साठ्यात एक रकाना वाढवायला सांगावे. चेहरा ओळखण्याच्या भागाचा अभिमान बाळगणाऱ्याला दोन पाने लिहायला लावावीत. ही परीक्षा अशीच होणार हे जुलैतच जाहीर केले, तर चौघे एकमेकांना शिकवू लागतील, कारण सोबत्याचे अज्ञान आता त्यांच्याही गुणांवर येईल. यंत्राने लिहिलेल्या आज्ञावलीचीही यात आपोआप पारख होते. जी समजलेली नाही ती भर परीक्षेत बदलता येत नाही. सोबत्यांनी परस्परांना गुण देण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. पण मित्रामित्रांत सगळेच सगळ्यांना दहापैकी दहा देतात, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ पासून ‘एपिक्स’ नावाचा उपक्रम चालविला आहे. त्यात पहिल्या वर्षापासून अखेरच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच संघात असतात आणि लोकोपयोगी संस्थांसाठीचे काम एका तुकडीकडून दुसरीकडे, वर्षानुवर्षे चालू राहते. दुसऱ्याने लिहून ठेवलेले वाचणे, हे अभियंत्याच्या आयुष्यातील फार मोठे काम. ते तेथे विद्यार्थिदशेतच करावे लागते. आपल्याकडे ‘ग्रंथालय व्यवस्थापन’ हा प्रकल्प दरसाल कोऱ्या पाटीवर लिहिला जातो, तो पुरा झाल्याचे दरसाल प्रमाणपत्र मिळते, आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय मात्र बाहेरून आणलेल्या प्रणालीवर चालते.

हे सारे करायचे तर शिक्षकाला वेळ हवा, आणि खरी अडचण तेथे आहे. पाच गट सांभाळणाऱ्याने प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास दिला आणि त्यांची वही वाचायला तेवढाच वेळ घातला, तरी पाच तास होतात. वेळापत्रकात एवढे तास या कामापोटी क्वचितच धरले जातात. मार्गदर्शन ही जणू इतर कामांतून उरलेल्या वेळात करायची गोष्ट आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १५ वरून २० वर नेले. २०२४-२५ पासून तिने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांपुरती एकेका शाखेतील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादाही उठविली. मागणी संगणक शाखेलाच असल्याने वाढीव जागा प्रामुख्याने तेथेच निघणार. साठांच्या एका तुकडीत पंधरा गट होतात, चार तुकड्यांत साठ. साठ गटांना साठ निरनिराळे विषय आणि वर्षभर लक्ष देणारे मार्गदर्शक कोठून येणार, याचा विचार प्रवेशाची परवानगी देताना व्हायला हवा होता. निदान आता जागा वाढविणाऱ्या संस्थेकडे प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे तास वेळापत्रकात दाखविण्याचा आग्रह परिषदेला धरता येईल.

गुणांच्या वाटपासाठी तर कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचेही कारण नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची एक बैठक त्याला पुरेशी आहे, आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या हाती ही सत्ता आधीपासूनच आहे. येत्या जुलैत नवे गट पाडले जातील. ते कोणी पाडायचे, विद्यार्थ्यांनी की शिक्षकांनी, हा त्यांतील पहिला निर्णय असेल.