पट्टा दंडाला, भार हृदयाला

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली मैदानं फजरच्या नमाजनंतर लगेच भरू लागतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, या तीन गोष्टींवर पोरांचं अख्खं वर्ष टांगलेलं असतं. यंदा त्यात एक नवा प्रकार दिसला. आमचा एक जुना विद्यार्थी काखेजवळ दंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधून पाच किलोचा डंबेल उचलत होता. हात लालजांभळा, कपाळावर घाम. विचारलं तर म्हणाला, "सर, इससे पाँच किलो में ही बाज़ू भर आता है." मोबाइलवर पाहून शिकला होता.

आम्हा मास्तर लोकांना अशा वेळी "काढ ते आधी" एवढंच सुचतं. तेवढं बोलून झाल्यावर आम्ही थोडं वाचन केलं, फिजिओथेरपीवाल्या ओळखीच्यांना विचारलं. तेव्हा कळलं, की हा प्रकार थोतांड नाही. रक्तप्रवाह रोखून व्यायाम करण्याची ही पद्धत जगभर वापरली जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला बीएफआर म्हणतात.

मूळ कल्पना जपानच्या योशिआकी सातो यांची. १९६६ साली एका बौद्ध विधीला ते जपानी पद्धतीने गुडघे दुमडून टाचांवर बसले होते. आपण नमाजमध्ये अत्तहियातला बसतो, जवळपास तसंच. बऱ्याच वेळाने पोटऱ्या बधिर झाल्या. त्या चोळताना त्यांना वाटलं, जड वजन उचलल्यावर स्नायू असाच तट्ट होतो की! पाय तर आपल्या सगळ्यांचाच झोपतो. आपण दोनदा आपटतो आणि विसरतो. हा तरुण विसरला नाही. तो स्वतःच्या हातापायांना पट्टे बांधून प्रयोग करत राहिला. १९७३ साली स्कीइंग करताना घोटा मोडला, तेव्हा त्या पायावरही त्याने हेच केलं. पुढे या पद्धतीला 'कात्सू' हे नाव पडलं. त्याचा अर्थ दाब देणे.

आत घडतं ते असं. शिरांच्या भिंती पातळ, त्यातलं रक्त कमी दाबाचं. पट्टा आवळला की त्या आधी दबतात. धमन्या जाड आणि खोल, त्या थोड्याफार उघड्या राहतात. म्हणजे शेततळ्यात पाण्याची आवक मंदावली तरी चालू, आणि सांडवा मात्र बुजवलेला. स्नायूत रक्त तुंबतं, ऑक्सिजन घटतो, व्यायामातून तयार होणारी आम्लं बाहेर जायला वाट राहत नाही. अशा कोंडीत हलकं वजनही स्नायूला जड वाटतं आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे मोठे तंतू कामाला लागतात. एरवी स्नायू वाढवायला आपल्या कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास वजन लागतं. इथे २० ते ४० टक्क्यांत भागतं. साधारण शिरस्ता असा, की आधी ३० वेळा उचलायचं, मग १५-१५ वेळा तीनदा, आणि मध्ये जेमतेम अर्धा मिनिट विसावा.

स्नायूचं हे गणित पोरांना मोबाइलने शिकवलं. हृदयाचं मात्र कोणी सांगितलेलं दिसत नाही.

हातापायांत रक्त अडकलं की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. मग एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं, आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. त्यात दुसरी भर पडते. स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंना साचलेली आम्लं जाणवतात आणि ते मेंदूला कळवतात, की इकडे रक्त पुरत नाही. मेंदू शरीरभरच्या रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवतो. पण वाट तर आपणच बांधून ठेवलेली! दाब वाढूनही रक्त पुरेसं पोचत नाही, तक्रार चालूच राहते आणि दाबही चढाच राहतो.

ही गोष्ट कात्सूच्या कितीतरी आधी कैरोत दिसली होती. तिथल्या विद्यापीठात काम करणाऱ्या आलम आणि स्मर्क या दोघांनी १९३७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हातापायाला पट्टा फुगवून माणसाला व्यायाम करायला लावला, मग व्यायाम थांबवला पण पट्टा तसाच ठेवला. माणूस स्वस्थ, तरी रक्तदाब खाली येईना. पट्टा सोडला तेव्हाच उतरला. आमच्या मते या विषयातला सगळ्यात बोलका प्रयोग हाच. साध्या व्यायामात दोन फेऱ्यांच्या मधल्या विसाव्यात हृदयाला जो श्वास घ्यायला मिळतो, तो पट्टा न सोडता व्यायाम करणाऱ्याला पुरता मिळत नाही.

मग जड वजन बरं का? तसंही नाही. १९८५ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात शरीरसौष्ठव करणाऱ्या पाच जणांचा रक्तदाब थेट धमनीत नळी घालून मोजला. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर ४८०/३५० च्याही वर. त्यामानाने पट्टा बांधून हलकं वजन उचलताना दाब सहसा कमीच चढतो. पण तेच हलकं वजन पट्ट्याशिवाय उचलण्यापेक्षा तो जास्त चढतो. धडधाकट तरुणाच्या रक्तवाहिन्या हे सोसतात. ज्यांचा दाब आधीच चढा असतो त्यांच्यात ही मज्जातंतूंची तक्रार गरजेपेक्षा मोठी उमटू शकते, असा इशारा संशोधकांनी दिलेला आहे. आणि आपल्या घरांत दाब चढा असूनही पत्ता नसलेले थोडे आहेत का?

आमच्या एका खालांची गुडघ्याची शस्त्रक्रिया अकोल्याला झाली. मांडीचा स्नायू वाळून गेलेला, जड वजन उचलायची सोय नाही. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हाच पट्टा वापरला, पण कसा? आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. खालांना बीपीची गोळी चालू होती, म्हणून दर वेळी आधी दाब मोजला. मग मांडीला रुंद पट्टा बांधून, पायातला रक्तप्रवाह पूर्ण थांबायला किती दाब लागतो ते यंत्राने पाहिलं आणि त्याच्या निम्माच ठेवला. मान्य पद्धत ४० ते ८० टक्क्यांची आहे. खाला कुरकुरत होत्या, की आधी ऑपरेशन, आता ही फाशी. पण महिन्या-दीड महिन्यात कुणाचा हात न धरता खुर्चीतून उठू लागल्या.

सायकलच्या ट्यूबला ना काटा, ना माप. शिवाय ती अरुंद. अरुंद पट्टीने रक्त अडवायला दाब जास्त लागतो आणि तो सगळा एकाच रेषेत नसांवर येतो. जपानमध्ये २००६ साली १०५ केंद्रांतल्या १२,६०० हून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कातडीखाली रक्त साकळणं १३.१ टक्के, बधिरपणा १.३ टक्के, शिरेत गुठळी ०.०५५ टक्के. आकडे लहान आहेत, पण ते शिकलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालचे. आमच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणजे यूट्यूब.

पूर्वी पायात गुठळी झालेली व्यक्ती, पायावर फुगलेल्या शिरा असलेले, गरोदर भगिनी, दाब आटोक्यात नसलेले, यांनी या वाटेला जाऊच नये. विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती सिकलसेल. ऑक्सिजन कमी झाला की त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि इथे तर ऑक्सिजन मुद्दाम कमी करायचा असतो. तेव्हा ती तपासणी आधी. रक्तदाब तर गावच्या आरोग्य उपकेंद्रातही फुकट मोजून मिळतो; भरतीच्या पोरांनीही मोजावा, आणि येताना अम्मी-अब्बूंना सोबत न्यावं.

पट्टा सोडल्यावर दाब झपकन उतरतो, कधी भोवळ येते, म्हणून लगेच उभं राहू नये. आणि व्यायामानंतर एक-दोन दिवसांत हात-पाय खूप सुजले, दुखणं वाढतच गेलं किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर ते दंड भरल्याचं लक्षण नव्हे. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडाकडे निघालेली असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना पट्टा बांधल्याचं लपवू नये.